व्हॉट्सॲप कॉल, व्हिडिओ कॉल, वायफाय कॉलिंग: आत नेमकं काय चालतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंटरनेट कॉलबद्दल घरात, ऑफिसात, नातेवाइकांच्या ग्रुपवर जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एका जागी लिहितोय. वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवा, कॉल लागणं हे एक काम आणि आवाज पोचणं हे दुसरं काम, दोघांचे रस्ते वेगळे आणि नियमही वेगळे. "कॉल नीट होत नाही" म्हटलं की आधी बघायचं या दोनपैकी अडलंय कुठे, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

प्र. ॲप आहे की फोनमध्ये, मग प्रोटोकॉल कशाला लागतो?

प्रोटोकॉल म्हणजे दोन फोननी एकमेकांशी काय बोलायचं, कुठल्या क्रमाने बोलायचं याचे आधीच ठरवलेले नियम. ॲप हे वरचं बटण आणि चित्र. खाली हे नियम नसतील तर तुमचा ॲन्ड्रॉइड आणि वहिनीचा आयफोन यांना एकमेकांचं काहीच कळणार नाही.

प्र. कॉलचं बटण दाबल्यावर पहिल्या दोन सेकंदांत काय होतं?

याला म्हणतात सिग्नलिंग. यातला सगळ्यात मुरलेला प्रोटोकॉल म्हणजे सिप. १९९९ मध्ये त्याचं पहिलं स्टँडर्ड आलं आणि २००२ मध्ये आरएफसी ३२६१ या नंबराखाली आज वापरतात ते (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेला, नंबर दिलेला कागद). त्याची गंमत ही की सगळं साध्या वाचता येण्यासारख्या मजकुरात चालतं. तुमचा फोन सर्व्हरला पाठवतो 'इन्व्हाइट', सर्व्हर म्हणतो '१०० ट्रायिंग', समोरचा फोन वाजायला लागला की '१८० रिंगिंग' येतं आणि तेव्हा तुमच्या कानात ट्रिंग ट्रिंग सुरू होतं, त्यांनी उचलला की '२०० ओके', मग तुमच्याकडून 'ॲक', आणि बोलून झाल्यावर जो ठेवेल त्याच्याकडून 'बाय'. समोरचा बिझी असेल तर ४८६. वेबसाइट सापडली नाही की जो ४०४ दिसतो तोच ४०४ इथेही आहे, म्हणजे असा माणूस आमच्याकडे नाही.

पण या सगळ्या देवाणघेवाणीत तुमच्या आवाजाचा एक कणसुद्धा नसतो बरं का. फक्त एवढंच ठरतं की मी अमुक आयपी ॲड्रेसवर (इंटरनेटवरचा पत्ता) अमुक पोर्टवर (त्या पत्त्यावरचा दरवाजा क्रमांक) ऐकतोय, मला हे हे कोडेक (आवाज दाबून लहान करायच्या पद्धती) येतात, तुला यातलं काय येतं.

प्र. म्हणजे व्हॉट्सॲपमध्ये सिप आहे का?

नाही. व्हॉट्सॲपचं सिग्नलिंग त्यांचं स्वतःचं आहे, मेसेज ज्या वाटेने जातात त्याच वाटेने कॉलचा निरोपही जातो. फेसटाइम मात्र ॲपलने २०१० मध्ये आणलं तेव्हा सिप आणि आरटीपी (आवाज नेणारा प्रोटोकॉल, पुढे येतोच) अशा खुल्या स्टँडर्डवरच उभं केलं होतं. गूगल मीट आणि ब्राउझरमध्ये चालणारे बहुतेक व्हिडिओ कॉल वेबआरटीसीवर चालतात, ते गूगलने २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं आणि २०२१ च्या जानेवारीत त्याला डब्ल्यूथ्रीसीची, म्हणजे वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेची, अधिकृत मान्यता मिळाली. वेबआरटीसीमध्ये सिग्नलिंग कसं करायचं हे मुद्दामच ठरवून दिलेलं नाही, ज्याने त्याने आपलं बघावं, म्हणून मीटवरून थेट दुसऱ्याच कंपनीच्या ॲपला कॉल लागत नाही. मला हे मनापासून खटकतं. जीमेलवरून याहूला मेल जातो, एका कंपनीच्या सिमवरून दुसरीला कॉल जातो, आणि कॉलिंग ॲप मात्र प्रत्येकाचं वेगळं बेट.

प्र. मग आवाज कसा जातो?

आरटीपीने. हा १९९६ पासून आहे आणि आजही जवळजवळ सगळी ॲप याच्याच कुठल्या ना कुठल्या रूपावर चालतात. तुमच्या बोलण्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पडतात, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट, प्रत्येकावर अनुक्रमांक आणि वेळेचा शिक्का, आणि निघाले यूडीपीवरून. यूडीपी म्हणजे पाठवून मोकळं व्हायचं, पोचलं का ते विचारत बसायचं नाही. वेबसाइट किंवा यूपीआय साठी बहुतेक वेळा टीसीपी, म्हणजे पोचलं का ते विचारून नसेल तर परत पाठवणारा, वापरतात कारण तिथे एक अक्षर हरवलेलं चालत नाही. बोलण्यात उलटं आहे, हरवलेला तुकडा अर्ध्या सेकंदाने परत मागवला तर त्याचा उपयोग काय, वाक्य पुढे गेलेलं असतं. त्यापेक्षा तो सोडून द्यायचा आणि मागच्या-पुढच्या आवाजावरून अंदाजाने भोक बुजवायचं. हे इतकं छान जमतं की शंभरातली दोन-चार पॅकेट गेली तरी तुम्हाला कळत पण नाही. जास्त जायला लागली की मग तो रोबोटसारखा आवाज येतो, तो म्हणजे भोकं बुजवून बुजवून थकलेलं सॉफ्टवेअर.

प्र. एका तासाला डेटा किती जातो? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

स्वतःच काढू या. समजा आवाज २४ केबीपीएसने, म्हणजे सेकंदाला २४ हजार बिटने जातोय (८ बिटांचा एक बाइट). २० मिलिसेकंदांच्या तुकड्यात झाले ६० बाइट. त्यावर आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि आरटीपीचे १२ असे ४० बाइटचे पत्ते-शिक्के चढतात, म्हणजे पॅकेट १०० बाइटचं. सेकंदाला ५० पॅकेट म्हणजे ५००० बाइट, मिनिटाला ३०० केबी, आणि ऐकायचे तेवढेच धरले तर ६०० केबी. तासाला साधारण ३६ एमबी. बघा, पाकिटातला माल ६० आणि वेष्टन ४०. म्हणून "लो डेटा" मोड लावला तरी वापर अर्ध्यावर येतोच असं नाही, आवाजाचा माल कमी होतो, वेष्टन तेवढंच राहतं.

व्हिडिओचं गणित वेगळं. ५०० केबीपीएस जाताना आणि तेवढंच येताना धरलं तर तासाला ४५० एमबी, दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर तीन तास आणि थोडंसं. गावाकडे आजी-आजोबांच्या फोनवर संध्याकाळी नेट संपलेलं असतं त्याचं कारण बरेचदा दुपारचा व्हिडिओ कॉल.

प्र. कोडेक कोडेक म्हणतात ते काय?

आवाज दाबून लहान करायचं आणि समोर परत उलगडायचं गणित. जुन्या लँडलाइनचं जी.७११ होतं, ते ६४ केबीपीएस खाऊनसुद्धा फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झचाच आवाज न्यायचं, त्यामुळे फोनवर 'स' म्हटलं की 'फ' ऐकू येतं, कारण 'स'चा सगळा जोर त्याच्या वर असतो. आता बहुतेक ठिकाणी ओपस आहे. २०१२ मध्ये आरएफसी ६७१६ म्हणून आलं, स्काइपचं सिल्क आणि झिफ नावाच्या संस्थेचं सेल्ट अशा दोन कोडेकांचं लग्न लावून बनवलेलं, ६ केबीपीएसपासून ५१० पर्यंत कुठेही चालतं, आणि फुकट, रॉयल्टी नाही. माझ्या मते इंटरनेट कॉलिंगमध्ये गेल्या पंधरा-वीस वर्षांत सामान्य माणसाच्या सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच, आणि तिचं नाव कोणालाच माहीत नाही. मेटाने २०२४ मध्ये एमलो नावाचं स्वतःचं कोडेक जाहीर केलं, स्वस्तातले फोन आणि अगदी कमी स्पीड डोळ्यासमोर ठेवून.

प्र. कॉल लागतो, टायमर चालू होतो, पण आवाजच येत नाही. किंवा माझा त्यांना जातो, त्यांचा मला येत नाही. हे काय?

हा मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सुरुवातीला म्हटलं ते इथे दिसतं, सिग्नलिंग पोचलं, आवाज अडला.

घरच्या वायफायवर तुमच्या फोनचा पत्ता बहुतेक १९२.१६८ ने सुरू होतो, तो फक्त घरापुरता. बाहेर जगाला दिसतो राउटरचा पत्ता. या मधल्या अदलाबदलीला नॅट म्हणतात. राउटर सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा आहे, आतून कोणी बाहेर गेलं तर लक्षात ठेवतो आणि त्यांच्या नावाने परत आलेल्याला आत सोडतो, पण अनोळखी कोणी थेट येऊन "अमुक फ्लॅटमध्ये जायचंय" म्हणाला तर नाही सोडत. आणि कॉलमध्ये दोन्हीकडे वॉचमन आहेत, दोघंही बाहेरच्याला आत घ्यायला तयार नाहीत.

यावर तीन गोष्टी मिळून काम करतात. स्टन सर्व्हरला तुमचा फोन विचारतो, बाहेरून मी कुठल्या पत्त्याने दिसतो? ते उत्तर सिग्नलिंगमधून समोर कळवलं जातं. मग दोन्ही फोन एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट टाकतात, त्यामुळे दोन्ही राउटरना वाटतं की हे तर आतून निघालेलं बोलणं आहे, आणि रस्ता उघडतो. हे सगळे पत्ते जमवून, जोड्या लावून, कुठली चालते ते तपासायच्या पद्धतीला आइस म्हणतात. आणि काहीच नाही जमलं तर टर्न, म्हणजे मध्ये एक सर्व्हर बसतो, दोघंही त्याला देतात आणि तो इकडचं तिकडे करतो.

मोबाइल नेटवर अजून एक थर असतो, कंपनीच्या पातळीवरचं नॅट, त्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते खास राखून ठेवलेत. फोनच्या सेटिंगमध्ये आयपी बघा, १००.६४ ते १००.१२७ यामधलं काही दिसलं तर तुम्ही त्यातच आहात. आयपीव्ही६ वर, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, प्रत्येक फोनला स्वतःचा पत्ता मिळतो त्यामुळे हा गुंता बराच सुटतो, आणि आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगात वरच्या देशांत आहे.

आता करायचं काय? एकदा वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तोच कॉल लावा. चालला तर भानगड वायफायकडे आहे. ऑफिस, हॉस्पिटल, हॉस्टेलच्या वायफायवर बरेचदा यूडीपीच बंद केलेला असतो, तिथे ॲपला टीसीपीवरून रडतखडत जावं लागतं. घरी सिपचं ॲप किंवा ऑफिसचा आयपी फोन वापरत असाल तर राउटरच्या सेटिंगमध्ये 'सिप एएलजी' म्हणून एक पर्याय असतो तो बंद करा. मदत करायला म्हणून दिलेला असतो पण पॅकेटमधले पत्ते आपल्या मनाने बदलतो आणि एकतर्फी आवाजाचं ते फार जुनं कारण आहे. व्हॉट्सॲपला याचा फरक पडत नाही.

प्र. न्यू जर्सीला भावाशी बोलताना दोघं एकदम बोलतो, मग दोघंही थांबतो. नेट फास्ट असूनही.

नेटचा स्पीड आणि उशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्याहून न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या फायबरमध्ये उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे साठेक मिलिसेकंद नुसत्या अंतराचे. केबल काही सरळ रेषेत नाहीत, समुद्राखालून वळसे घेत जातात, म्हणजे शंभराच्या पुढे गेलात. त्यात २० मिलिसेकंदांचा तुकडा भरेपर्यंत थांबणं, मग समोरच्या फोनमध्ये जिटर बफर, म्हणजे मागेपुढे आलेली पॅकेट रांगेत लावण्यासाठी मुद्दाम थांबवून ठेवायची जागा, ते अजून ४०-६०, वर ब्लूटूथ इअरफोन लावला असेल तर त्याचा उशीर वेगळाच. आयटीयूचं, म्हणजे फोन-नेटवर्कची जागतिक स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं म्हणणं आहे की एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण नैसर्गिक वाटतं. तुम्ही त्याच्या पलीकडे आहात. महागाचा प्लॅन घेऊन अंतर कमी होत नाही, पण ब्लूटूथ काढून वायरचा इअरफोन लावा आणि फोन राउटरजवळ न्या, वायफाय जेवढं डळमळीत तेवढा जिटर बफर फुगतो.

प्र. व्हॉट्सॲप कॉल तुटतो त्याच जागी साधा कॉल नीट चालतो. असं कसं?

आधी हे ऐका की फोरजीवरचा साधा कॉलही आता इंटरनेट प्रोटोकॉलवरच चालतो. त्याला व्होल्टी म्हणतात आणि आत तोच सिप, तोच आरटीपी. जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू केली तीच नुसत्या फोरजीवर, टूजी-थ्रीजी नव्हतंच, त्यामुळे तिथला प्रत्येक कॉल पहिल्या दिवसापासून असाच होता.

फरक आहे तो मानपानाचा. व्होल्टीच्या आवाजासाठी टॉवर वेगळी राखीव वाट देतो, क्यूसीआय १ म्हणतात तिला, त्यात आवाजाला ठरावीक स्पीड आणि उशिराची हमी असते. व्हॉट्सॲपची पॅकेट मात्र सर्वसाधारण डेटाच्या गर्दीत, शेजारच्याच्या रीलसोबत. टॉवरवर गर्दी झाली की आधी तिथे फटका बसतो. लोकलमध्ये संध्याकाळी साडेसहाला दादर ते ठाणे व्हॉट्सॲपवर बोलायचा प्रयत्न केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्र. वायफाय कॉलिंग आणि व्हॉट्सॲप कॉल एकच ना?

नाही. वायफाय कॉलिंग हा तुमच्या सिमचाच कॉल, नुसता टॉवरऐवजी वायफायवरून कूटबद्ध बोगद्यातून कंपनीच्या नेटवर्कपर्यंत जातो. समोरच्याकडे साधा डबडा फोन असला तरी चालतं, नंबर तुमचाच दिसतो. भारतात हे डिसेंबर २०१९ - जानेवारी २०२० मध्ये एअरटेल आणि जिओने सुरू केलं. जाड भिंतींचं घर किंवा बेसमेंट असेल तर हे चालू करून ठेवाच.

प्र. नवरा दुबईत आहे, व्हॉट्सॲपवर मेसेज जातात पण कॉल का लागत नाही?

तुमच्या फोनचा दोष नाही. यूएईमध्ये इंटरनेट कॉलिंगला सरकारी परवानगी लागते, व्हॉट्सॲप आणि फेसटाइमचं कॉलिंग त्यात अडवलेलं असतं, मेसेज चालू. बोटिम, मायक्रोसॉफ्ट टीम्स, झूम अशी परवानगी असलेली ॲप चालतात, त्यातलं एक दोन्हीकडे घ्या. लोक व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या ठिकाणाहून कूटबद्ध बोगद्यातून नेणारं ॲप) सुचवतात. तिथे व्हीपीएन लपवाछपवीसाठी वापरून बेकायदा गोष्ट केल्यास कायद्यात लाखो दिरहॅमचा दंड आहे, नोकरीवर असलेल्या माणसाला असला सल्ला देऊ नका.

प्र. भारतात उद्या असेच वेगळे पैसे लावले तर?

प्रयत्न झालाय. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळा डेटा पॅक जाहीर केला होता, लोक एवढे भडकले की काही दिवसांतच मागे घेतला. पुढे मार्च २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने, त्यावर मतं मागवली, दहा लाखांच्या वर ईमेल गेले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कुठली वेबसाइट किंवा ॲप वापरता यावरून डेटाचा दर बदलायला ट्रायने बंदी घातली. आपण आज बिनधास्त कॉल करतो त्यामागे सामान्य लोकांनी पाठवलेले ते ईमेल आहेत, हे विसरायला नको.

प्र. फोन वाजतच नाही, उघडल्यावर मिस्ड कॉल दिसतो.

ॲप कायम जागं राहिलं तर बॅटरी दुपारपर्यंत संपेल, म्हणून फोन त्याला झोपवतो. कॉल आला की ॲपचा सर्व्हर गूगलच्या किंवा ॲपलच्या पुश सेवेला सांगतो, ती फोनला हलवते, मग ॲप जागं होऊन रिंग वाजवतं. बॅटरी सेव्हर कडक असेल तर ही साखळी मधेच तुटते. ॲन्ड्रॉइडवर त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, 'ऑटोस्टार्ट' असा पर्याय असेल तर तोही चालू करा. आईवडिलांच्या फोनवर हे तुम्ही स्वतः जाऊन करून द्या, फोनवर सांगून होत नाही.

प्र. ग्रुप कॉलमध्ये फोन तापतो का?

आठ जण थेट एकमेकांना जोडले तर प्रत्येकाला स्वतःचा व्हिडिओ सात वेळा पाठवावा लागेल, ५०० केबीपीएसने साडेतीन एमबीपीएस अपलोड. म्हणून मध्ये एसएफयू नावाचा सर्व्हर असतो, तुम्ही एकदाच पाठवता, तो बाकीच्यांना वाटतो. पण सात चेहरे उलगडायचं काम तुमच्या फोनलाच करावं लागतं, तापणारच.

प्र. आमचं बोलणं कोणी ऐकू शकतं का?

बहुतेक ॲपमध्ये आवाजाची पॅकेट एसआरटीपीने, म्हणजे आरटीपीच्याच कूटबद्ध रूपाने, कुलूपबंद होऊन जातात. खरा प्रश्न किल्ली कोणाकडे आहे हा. व्हॉट्सॲपमध्ये कॉल करणारा फोन ३२ बाइटची किल्ली तयार करतो आणि सिग्नल प्रोटोकॉल नावाच्या कूटबद्ध पद्धतीने (वरच्या सिग्नलिंगशी याचा संबंध नाही) बंद केलेल्या मेसेजमधून समोर पाठवतो, मधल्या सर्व्हरला ती दिसत नाही. एप्रिल २०१६ पासून कॉलसकट सगळं असंच आहे. खात्री करायची तर कॉन्टॅक्टमध्ये ६० अंकी कोड असतो तो दोघांनी जुळवून बघा, टेलिग्रामच्या कॉलवर त्यासाठीच चार इमोजी दिसतात. पण कोण कोणाला, कधी, किती वेळ बोललं हे कंपनीला कळू शकतं. आणि थेट फोन-ते-फोन कॉलमध्ये समोरच्याला तुमचा आयपी पत्ता काढता येतो. अनोळखी लोकांशी बोलावं लागत असेल, मुलींनी तर नक्कीच, प्रायव्हसीमधल्या ॲडव्हान्स्डमध्ये कॉलमधला आयपी लपवायचं सेटिंग चालू करा, मग कॉल व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवरून फिरून जातो, आवाज किंचित उतरतो.

प्र. कॉल उचललाच नाही तरी फोन हॅक होतो म्हणे?

२०१९ मध्ये खरंच झालं होतं. व्हॉट्सॲपच्या कॉलिंगच्या भागात चूक होती, मुद्दाम बिघडवलेली पॅकेट पाठवून नुसत्या मिस्ड कॉलने पेगॅसस नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरायचं. जगभरातले साधारण १४०० लोक लक्ष्य होते आणि त्यात भारतातले पत्रकार, वकील, कार्यकर्तेही होते. ती चूक लगेच दुरुस्त झाली. अपडेट पुढे ढकलू नका ते यासाठी.

प्र. पोलिसांच्या गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येऊन अटक केली म्हणतो.

कट करा. व्हिडिओ कॉलवर अटक असा प्रकार भारताच्या कायद्यात नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, पैसे गेले असतील तर पहिल्या तासाभरात. या लोकांना इंटरनेट कॉल सोयीचा पडतो कारण डीपी आणि नाव काहीही ठेवता येतं, ते कोणी तपासत नाही. आणि परदेशातून आलेला कॉल +९१ ने सुरू होणारा दिसला तर मधे कुठेतरी सिमबॉक्स असू शकतो, शेकडो सिम लावलेली पेटी, एका बाजूने इंटरनेटवरून कॉल घेते आणि दुसऱ्या बाजूने साधा कॉल म्हणून सोडते. लायसन्सशिवाय असं करणं गुन्हा आहे, त्यामुळे "आमच्याकडे सिम ठेवा, महिन्याला पैसे मिळतील" असं कोणी म्हणालं तर लांब राहा.

प्र. व्हॉट्सॲपवरून ११२ हा आपत्कालीन नंबर लागतो का?

नाही. फोनचाच डायलर वापरा.

प्र. शिकायचं म्हणून घरी स्वतःचा सिप सर्व्हर चालवला तर चालेल का?

जरूर चालवा, यासारखं दुसरं शिक्षण नाही. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय घ्या, त्यावर ॲस्टरिस्क टाका, १९९९ पासूनचं फुकट सॉफ्टवेअर आहे, आणि दोन फोनवर लिनफोन हे सिपचं ॲप. घरातल्या घरात एकमेकांना कॉल लावा आणि सर्व्हरवर लॉग उघडून ठेवा, इन्व्हाइट, रिंगिंग, ओके एकेक ओळ डोळ्यासमोर सरकताना दिसते. दोन गोष्टी सांभाळा. हे बाहेरच्या फोन नेटवर्कला सिम लावून जोडू नका, वर सांगितलेला कायदा इथेही लागू होतो. आणि ५०६० हा सिपचा पोर्ट राउटरमधून इंटरनेटला उघडं ठेवू नका, काही तासांत जगभरातून पासवर्ड आजमावणारे बॉट येऊन धडकतात, बाहेरून वापरायचंच असेल तर वायरगार्ड हे व्हीपीएन लावून त्यातून जा.